उद्योगपती, राजसत्ता आणि वृत्तपत्रे : सामान्य श्रद्धावंताने काय ओळखावे?

निवडणूक रोख्यांची योजना घटनाबाह्य ठरवणारा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 15 फेब्रुवारी 2024 रोजी दिला. त्यानंतर महिन्याभरात भारतीय स्टेट बँकेकडील माहिती प्रसिद्ध झाली आणि कोणत्या कंपनीने किती रुपयांचे रोखे घेतले, कोणत्या पक्षाने किती वटवले, हे देशाने प्रथमच वाचले. काही दिवस त्याची चर्चा झाली, निवडणूक पार पडली आणि विषय मागे पडला. आमच्या मते तो मागे पडू देणे योग्य नाही. उद्योगपतींनी राजकारणात किती लक्ष घालावे, वृत्तपत्रे व वाहिन्या कोणाच्या मालकीच्या असाव्यात, हे प्रश्न मुंबई-दिल्लीच्या मोठ्या लोकांचे आहेत असे समजून आपण नाशिक धर्मप्रांतातील माणसे स्वस्थ बसतो. वास्तविक आपल्याच पाच जिल्ह्यांच्या इतिहासात या प्रश्नांची मुळे खोलवर गेलेली आहेत.

आपल्या भूमीतील उद्योग

मालेगाव तालुक्यातील रावळगावची पडीक जमीन 1923 च्या सुमारास वालचंद हिराचंद यांनी हाती घेतली. तेथे ऊस उभा राहिला, साखर कारखाना झाला आणि पुढे रावळगावच्या गोळ्या घराघरांत पोहोचल्या. (तो गोळ्यांचा व्यवसाय फेब्रुवारी 2024 मध्ये 27 कोटी रुपयांना रिलायन्स समूहाकडे गेला.) हेच वालचंद 1919 साली स्थापन झालेल्या सिंदिया जहाज कंपनीचे एक संस्थापक होते आणि ब्रिटिश जहाज कंपन्यांच्या मक्तेदारीशी त्यांनी वर्षानुवर्षे झुंज दिली. त्यांचे राजकारण आपल्या धंद्याच्या हिताचे होते, यात शंका नाही. परंतु ते उघड होते. ते कोणाच्या विरुद्ध व कशासाठी लढत आहेत, हे सर्वांना ठाऊक होते.

तिकडे अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात हरेगाव येथे बेलापूर कंपनीचा खाजगी साखर कारखाना होता. मतमाउलीच्या यात्रेसाठी दरवर्षी हरेगावला जाणाऱ्या आपल्या भाविकांना ते नाव नवीन नाही. त्याच जिल्ह्यात लोणी परिसरातील शेतकऱ्यांनी, विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने व अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाने, सहकारी साखर कारखाना उभारला आणि 1950 साली तो सुरू झाला. कारखान्याचा मालक एक शेठ नसून हजारो सभासद शेतकरी असावेत, ही त्यामागची कल्पना होती. भांडवलाच्या सत्तेला दिलेले ते उत्तर होते आणि ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणुकीतील सहभागाच्या तत्त्वाशी ते जवळचे नाते सांगणारे होते.

परंतु पुढील पन्नास वर्षांत राज्यभर काय घडले, हे आपण जाणतो. अनेक ठिकाणी कारखान्याचा अध्यक्ष हाच आमदार झाला, जिल्हा बँक व शिक्षणसंस्थाही त्याच्याच हाती आल्या, आणि ‘साखरसम्राट’ हा शब्द मराठीत रुळला. येथे धडा असा की, मालकी खाजगी असो वा सहकारी, पैसा, मत आणि संस्था एकाच हाती एकवटल्या की ज्याच्यापाशी केवळ श्रम आहेत त्याचा आवाज क्षीण होतो. ऊसतोड मजूर, भूमिहीन शेतमजूर यांना सभासदत्व नव्हते आणि म्हणून सर्वसाधारण सभेत बोलण्याचा हक्कही नव्हता. आपल्या अनेक धर्मग्रामांतील कुटुंबांची मुळे याच श्रमिकांमध्ये आहेत.

देणगीची दोन रूपे

राजकारणाला व्यापाऱ्याचा पैसा लागतो, ही गोष्ट स्वातंत्र्यलढ्याइतकी जुनी आहे. वर्ध्याचे जमनालाल बजाज हे 1920 पासून अखेरपर्यंत काँग्रेसचे खजिनदार होते. त्यांनी सरकारने दिलेली रायबहादुर ही पदवी परत केली, तुरुंगवास भोगला आणि 1928 मध्ये वर्ध्याचे आपले लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले केले. धनिकाने स्वतःस संपत्तीचा विश्वस्त समजावे, हा गांधीजींचा विचार त्यांनी आचरून दाखवला. अशा देणगीत देणाऱ्याला काही गमवावे लागत होते. सत्ता तेव्हा परकीयांच्या हाती होती आणि काँग्रेसला पैसे देणे म्हणजे सरकारचा रोष ओढवून घेणे होते.

स्वातंत्र्यानंतर सत्ता व देणगी एका बाजूला आली आणि देणगीचा अर्थ पालटला. 1969 मध्ये कंपन्यांच्या राजकीय देणग्यांवर बंदी आली. 1985 मध्ये ती मर्यादेसह उठवण्यात आली. 2013 च्या कंपनी कायद्याने ही मर्यादा आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्के ठरवली. 2017 मध्ये ती मर्यादाही काढून टाकली गेली आणि तोट्यातील कंपनीलाही हवी तितकी देणगी देण्याची वाट मोकळी झाली. 2018 पासून निवडणूक रोखे विक्रीस आले. रोखे कोणी घेतले, हे बँकेला ठाऊक. मतदाराला मात्र नाही.

प्रसिद्ध झालेल्या माहितीनुसार एप्रिल 2019 ते फेब्रुवारी 2024 या काळात 12 हजार कोटी रुपयांहून अधिक किमतीचे रोखे विकले गेले. त्यांपैकी निम्म्याच्या आसपास रक्कम केंद्रातील सत्ताधारी भारतीय जनता पक्षाला मिळाली. राज्याराज्यांत सत्तेवर असलेल्या इतर पक्षांनीही मोठ्या रकमा घेतल्या. सर्वांत मोठी खरेदीदार लॉटरीच्या व्यवसायातील एक कंपनी होती आणि तिच्या रोख्यांची रक्कम 1,368 कोटी रुपये होती. दोष एका पक्षाचा नसून व्यवस्थेचा आहे, असे आम्ही म्हणतो ते यासाठी की, ज्या पक्षाच्या हाती शासन, त्याच्याकडे पैसा, हा नियम पक्ष पाहून बदललेला दिसत नाही.

काही सज्जन म्हणतील की, उजवा हात काय देतो हे डाव्या हाताला कळू नये, असे प्रभूनेच शिकवले आहे. मग गुप्त दानात वाईट काय? येथे नीट विचार केला पाहिजे. प्रभू येशूची ती शिकवण गरिबाला दिलेल्या भिक्षेविषयी आहे. ज्याच्याकडून परतफेड होणे नाही, अशा माणसाला मदत करताना गाजावाजा करू नये, हे तिचे मर्म आहे. सत्ताधीशाला दिलेल्या पैशाची गोष्ट अगदी उलट आहे; तेथे परतफेडीची शक्यता पहिल्यापासून असते, म्हणून तेथे गुप्तता हा सद्‍गुण ठरत नाही. जकातदारांचा मुख्य जक्कय आपल्या संपत्तीविषयी बोलला तो उभा राहून, सर्वांसमक्ष आणि आकडा सांगून: अर्धे गरिबांना, लुबाडलेल्याला चौपट. त्याचे परिवर्तन खरे होते, म्हणूनच ते हिशेबासह प्रकट झाले.

वृत्तपत्र कोणाचे?

राजकारणाइतकाच महत्त्वाचा प्रश्न वृत्तपत्रांचा आहे. मोठ्या भांडवलदारांच्या वृत्तपत्रांपुढे लहान पत्रे टिकणार नाहीत, ही चिंता न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या वृत्तपत्र आयोगाने 1954 च्या अहवालात व्यक्त केली होती. त्यानुसार 1956 मध्ये पानांची संख्या व किंमत यांची सांगड घालणारा कायदा आला. त्याला आव्हान दिले ते पुण्याच्या ‘सकाळ’ने, म्हणजे नानासाहेब परुळेकर यांनी 1932 मध्ये काढलेल्या स्वतंत्र बाण्याच्या मराठी दैनिकाने. सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्ये तो कायदा रद्द ठरवला. पाने किती छापावीत हे सरकारने सांगणे म्हणजे भाषणस्वातंत्र्यावर बंधन, असा त्याचा आशय होता. लक्षणीय गोष्ट अशी की, 2024 मध्ये निवडणूक रोखे रद्द करताना न्यायालयाने घटनेच्या त्याच कलमाचा, 19(1)(अ) चा, आधार घेतला: मतदाराला माहिती मिळण्याचा हक्क हा त्याच स्वातंत्र्याचा भाग आहे.

बोलण्याचे स्वातंत्र्य छापणाऱ्याचे आहे, तसेच ते वाचणाऱ्याचेही आहे. 1961 च्या निकालाने पहिली बाजू भक्कम केली. दुसरी बाजू सांभाळण्याचे काम मात्र वाचकांवर राहिले आणि ते आपण फारसे केले नाही. ‘सकाळ’ पुढे 1980 च्या दशकात पवार कुटुंबाकडे गेला. ‘लोकमत’ हे दैनिक नागपुरात 1971 मध्ये राज्यात मंत्रिपद भूषवणाऱ्या जवाहरलाल दर्डा यांनी सुरू केले. नाशिकचे ‘देशदूत’ येथील उद्योजक सारडा कुटुंबाचे. राष्ट्रीय पातळीवर 2014 मध्ये नेटवर्क 18 हा समूह रिलायन्सच्या आणि डिसेंबर 2022 मध्ये एनडीटीव्ही अदानी समूहाच्या ताब्यात आला. मालक उद्योजक वा राजकारणी आहे म्हणून वृत्तपत्र खोटे ठरत नाही. या पत्रांतून प्रामाणिक पत्रकारांनी उत्तम काम केले आहे. रामनाथ गोएंका हे उद्योजकही होते आणि खासदारही, तरी आणीबाणीत त्यांचे ‘इंडियन एक्स्प्रेस’ झुकले नाही. पण मालकाचे हितसंबंध ठाऊक असलेला वाचक बातमी अधिक जागरूकपणे वाचतो.

हे आवश्यक का, याचे उदाहरण महाराष्ट्रातीलच आहे. 2009 च्या विधानसभा निवडणुकीत तत्कालीन मुख्यमंत्र्यांची स्तुती करणारा जवळजवळ शब्दशः एकच मजकूर वेगवेगळ्या मराठी दैनिकांत बातमी म्हणून छापून आल्याचे पत्रकार पी. साईनाथ यांनी दाखवून दिले. पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या उपसमितीने सविस्तर अहवाल तयार केला. परंतु 2010 मध्ये परिषदेने त्याचे संक्षिप्त रूपच स्वीकारले आणि पूर्ण अहवाल केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर, 2011 मध्ये, लोकांसमोर आला. वृत्तपत्रांविषयीची बातमी दडवली जावी, याहून बोलके काय असू शकते?

मौन केवळ पत्रकारांचेच असते असे नाही. 30 नोव्हेंबर 2019 रोजी मुंबईतील एका समारंभात केंद्रीय गृहमंत्र्यांच्या उपस्थितीत राहुल बजाज यांनी उभे राहून सांगितले की, सरकारवर टीका करण्याची उद्योगपतींना भीती वाटते. भिण्याचे कारण नाही, असे उत्तर गृहमंत्र्यांनी दिले. जमनालालजींच्या त्या नातवाला दुजोरा देण्यास मात्र फारसे उद्योगपती पुढे आले नाहीत. ज्यांच्याकडे एवढी संपत्ती आहे तेच जर मोकळेपणाने बोलू शकत नसतील, तर सातपूर-अंबडच्या कारखान्यातील कंत्राटी कामगाराने कोणाच्या भरवशावर बोलावे?

ख्रिस्तसभेची शिकवण आणि आपले कर्तव्य

पोप अकरावे पायस यांनी 1931 मधील आपल्या विश्वपत्रात इशारा दिला होता की, आर्थिक सत्ता मूठभरांच्या हाती एकवटते आणि मग ती राजसत्तेवर ताबा मिळवू पाहते. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी 2009 मध्ये माध्यमांविषयी लिहिले की, ती तटस्थ नसतात. अनेकदा ती आर्थिक हितसंबंधांच्या आधीन असतात. त्याच वेळी ख्रिस्तसभेने उद्योजकाचा कधी तिरस्कार केलेला नाही. 2012 मध्ये व्हॅटिकनच्या न्याय व शांती परिषदेने उद्योगातील नेतृत्वाला चक्क पाचारण म्हटले. म्हणूनच कोणाचे नाव घेऊन द्वेष वाढवणे आम्हांस अभिप्रेत नाही. पाचारण असेल तर त्याचा जाब देणेही आले, एवढेच आम्ही म्हणतो.

मग आपण काय करावे? निवडणुकीच्या वेळी प्रत्येक उमेदवाराचे संपत्ती, कर्जे व खटले यांविषयीचे प्रतिज्ञापत्र निवडणूक आयोगाकडे खुले असते. धर्मग्रामातील युवकांनी ते वाचून सर्वांना समजावून सांगावे. वीस हजारांवरील देणग्यांचा तपशील पक्षांना द्यावा लागतो, तोही पाहावा. लहान ख्रिस्ती समूहांच्या सभेत एकच बातमी दोन वेगवेगळ्या वृत्तपत्रांतून वाचून पाहावी. काय छापले आणि काय गाळले, हे आपोआप दिसू लागेल. आणि शेवटी, जे पत्र आपल्या वर्गणीवर चालते त्याची वर्गणी वेळेवर भरावी. फादर हेन्री डोरिंग यांनी 1903 साली सुरू केलेला ‘निरोप्या’ शतकाहून अधिक काळ मराठी ख्रिस्ती घरांत येत राहिला, तो कोणा उद्योगसमूहाच्या बळावर नव्हे, तर वाचकांच्या आपुलकीवर. ज्याची किंमत वाचक देतो, ते पत्र वाचकाचे राहते. ज्याची किंमत दुसराच कोणी देतो, तेथे वाचक हाच विकाऊ माल होतो.

सत्य आपल्याला मोकळे करील, असे प्रभूचे आश्वासन आहे. ते सत्य शोधण्याचे कष्ट मात्र आपल्यालाच करावे लागतील.