केस गेले की आधी ट्यूब, मग कारण?

मुलाच्या डोक्यावर रुपयाएवढी टकलाची चकती दिसली की शहापूर-मुरबाडकडे पुढचा क्रम ठरलेला असतो. आधी बोअरच्या पाण्याला शिव्या, मग शाम्पू बदलणं, मग मेडिकलवाल्याला मोबाईलवरचा फोटो दाखवून ट्यूब. घरात मांजर, ससा किंवा हल्ली पोरं हट्टाने आणवतात तो हॅमस्टर असला, तर त्याची रवानगी सगळ्यात आधी. डॉक्टरचा नंबर शेवटी लागतो, तोवर दीड-दोन महिने गेलेले असतात. हा क्रम उलटा आहे, आणि त्यातल्या ट्यूबवर माझा सर्वांत जास्त राग आहे.

त्या ट्यूबमध्ये काय असतं, हे विकणाराही सांगत नाही आणि घेणाराही विचारत नाही. बुरशीचं औषध असतं, जंतूंचं असतं आणि सोबत क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोनसारखं जोरदार स्टेरॉइड. स्टेरॉइडमुळे दोन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते आणि ट्यूबची कीर्ती अख्ख्या आळीत पसरते. बुरशी मात्र मेलेली नसते. स्टेरॉइडने त्या जागेची प्रतिकारशक्ती दाबली जाते, म्हणून नायटा आतल्या आत पसरतो. ट्यूब बंद केली की दुप्पट उसळतो, म्हणून पुन्हा तीच ट्यूब. बायाबापड्यांनो, ह्याला गुण येणं म्हणत नाहीत.

डोक्यातल्या नायट्यात तर नुसत्या मलमाने काही होतच नाही. बुरशी केसाच्या मुळात आणि केसाच्या आतही शिरलेली असते, मलम तिथवर पोचत नाही. त्यासाठी ग्रिसिओफल्विन किंवा टर्बिनाफिन पोटातून घ्यावं लागतं, तेही काही आठवडे. वेळ गेला तर काही मुलांच्या डोक्यावर पू भरल्यासारखी मऊ, दुखरी सूज येते. लोक तिला गळू समजून चिरायला नेतात. ते गळू नसतं, चिरायचं नसतं. अशी सूज तशीच राहिली तर व्रण पडतो आणि तिथे केस जन्मभर उगवत नाहीत. सातवीतल्या मुलीला ह्याचा अर्थ काय, तो तिच्या आईला विचारा.

२०१८ साली केंद्र सरकारने त्वचेवर लावायची अनेक स्टेरॉइडं शेड्यूल एच मध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विक्री बंद. कागदावर. २०२० साली जपानी संशोधकांनी औषधांना दाद न देणाऱ्या एका नायट्याच्या बुरशीला ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ असं नाव दिलं. त्यातलं ‘इंडो’ म्हणजे आपणच. ही बुरशी इतकी माजली त्याला स्टेरॉइडच्या ट्यूबांनी हातभार लावला, असं बहुतेक त्वचारोगतज्ज्ञ मानतात.

आता त्या बिचाऱ्या हॅमस्टरकडे वळू. प्राण्यांपासून माणसाला नायटा लागतो हे खरं. मांजराच्या पिल्लापासून लागतो, वासरापासून लागतो, ससा-हॅमस्टरपासूनही लागू शकतो, आणि कधी कधी प्राणी वरून अगदी धडधाकट दिसतो. म्हसा यात्रेतून नवं वासरू आणलंत तर त्याच्या डोळ्यांभोवती आणि तोंडावर राखाडी खपलीचे गोल चट्टे आहेत का, ते पोरांनी गळ्यात पडण्याआधी बघा. पण हॅमस्टरचे स्वतःचे केस गेले म्हणजे नायटाच, असं नाही. पिंजऱ्याच्या गजांवर अंग घासून जातात, खाण्यात प्रथिनं कमी पडून जातात, म्हातारपणी जातात (दोन-अडीच वर्षांचं तर त्याचं आयुष्य), हार्मोनच्या बिघाडाने जातात, डेमोडेक्स नावाच्या बारीक किड्यांनी जातात. हे किडे माणसाला लागत नाहीत. कुशीवरचे काळे ठिपके तर गंधग्रंथी असतात, रोगच नव्हे. आणि तुमची ट्यूब त्याला लावू नका. तो ती चाटतो, स्टेरॉइड पोटात जातं आणि किड्यांना रान मोकळं मिळतं. त्याला पशुवैद्याकडे न्या.

माणसांचंही तसंच. चकती गुळगुळीत असेल, कोंडा नाही, खाज नाही, तर ती बहुधा चाई. तिथे लसूण किंवा गुंज घासून कातडी भाजून घेऊ नका. गुंजेचं बी तर विषारी आहे. बाळंतपणानंतर किंवा टायफॉइड, डेंग्यूनंतर दोन-तीन महिन्यांनी केसांचे पुंजके येतात ते बहुतेक वेळा आपोआप थांबतात. आमच्या पाड्यांवरच्या बायांचे केस गळतात तेव्हा मी आधी हिमोग्लोबिन बघतो. रक्तात लोह नसलेल्या बाईला आठशे रुपयांचं तेल विकणं ही मला लूट वाटते.

आणि जिथे एका घरात नाही, गावंच्या गावं टकली होतात, तिथे? जानेवारी २०२५ मध्ये बुलढाण्यात शेगाव तालुक्यातल्या गावांमध्ये तीन-चार दिवसांत लोकांना टक्कल पडू लागलं. तेव्हाही पहिला संशय पाण्यावर आणि बुरशीवर. तपासणीत लोकांच्या शरीरात सेलेनियम वाढलेलं आढळलं आणि विंचूदंशावरच्या कामासाठी प्रसिद्ध असलेले डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं. जास्त सेलेनियमने पंजाबातल्या काही भागांत म्हशींचेही केस गळतात, खूर तडकतात. ह्यावर कुठली ट्यूब लावणार होतात?

तेव्हा चकती दिसली की मुलाला शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात न्या, आधी वापरलेली ट्यूब बरोबर घ्या, घरात कुठले प्राणी आहेत ते सांगा. गोळ्या मिळाल्या तर डोस मुलाच्या वजनावर असतो, शेजारच्याच्या पोराचा चालत नाही. ग्रिसिओफल्विन तेल-तूप असलेल्या जेवणाबरोबर द्या. कंगवा, टोपी, टॉवेल वेगळा ठेवा आणि भावंडांची डोकीही तपासून घ्या. उपचार सुरू झाल्यावर शाळा बुडवायची गरज नाही. गुरुजींनी घरी पाठवलं तर डॉक्टरची चिठ्ठी दाखवा.