गुलाबी मिल्कशेकचं बिल कोणी भरायचं?

इथे अमेरिकेत जुना पिकअप शोधताय? मग हे वाचाच. २००५ ते २०१० च्या ऑटोमॅटिक निसान फ्रंटियरमध्ये ट्रान्समिशनचं तेल थंड करणारा कूलर रेडिएटरच्या पोटातच बसवलाय. त्याला आतून चीर गेली की कूलंट तेलात मिसळतं, तेलाचा गुलाबी मिल्कशेक होतो आणि ट्रान्समिशन कामातून जातं. बाहेर थेंबही पडत नाही, मालकाला कळणार कसं? कोर्टकचेरी झाल्यावर वॉरंटी १० वर्षं किंवा १ लाख मैलांपर्यंत गेली, पण शेवटच्या टप्प्यात मालकानेही हजारो डॉलर घालायचे! चूक कारखान्याची, भुर्दंड ग्राहकाला? आता तर तीही मुदत कधीच संपली. गाड्या मात्र तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे फिरतायत, काही अजून त्याच रेडिएटरवर. विकणाऱ्याकडे आधी रेडिएटर बदलल्याची पावती मागा.