मोटारीवरील पांढरे डाग

रविवारीं सकाळीं घरांतील मुलें मोठ्या हौसेनें मोटार धुतात, आणि ऊन वर आलें म्हणजे तिच्या गडद रंगावर पांढरे ठिपके उमटतात. मग वडील मंडळी मुलांच्या निष्काळजीपणास बोल लावितात. वस्तुतः बहुतेक वेळां दोष मुलांचा नसून पाण्याचा असतो. आणि तो न ओळखतां केलेला खर्च व्यर्थ जातो.

दख्खनच्या काळ्या पाषाणांतून उपसलेलें विहिरीचें अथवा बोअरचें पाणी पुष्कळ ठिकाणीं दुष्फेन, म्हणजे जड असतें. त्यांत कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळलेले असतात. २०१२ सालच्या भारतीय मानकाप्रमाणें पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरामागें २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरें पाणी नसल्यास ६०० पर्यंत चालतो. समजा, आपलें पाणी ३०० मिलिग्रॅमचें आहे. उन्हानें थेंबांतील पाणी उडून जातें, क्षार मात्र पत्र्यावर उरतात.

हल्लीं कित्येक इमारतींत पाणी सुफेन करण्याचें यंत्र बसविलेलें असतें. त्यांतील राळेसारखे बारीक मणी कॅल्शियम व मॅग्नेशियम धरून ठेवितात आणि त्यांच्या बदलीं सोडियम सोडतात. मण्यांची शक्ति संपली म्हणजे मिठाच्या पाण्यानें ती परत आणावी लागते. येथेंच अनेकांची समजूत चुकते. हें यंत्र क्षार काढून टाकीत नाहीं, त्यांची अदलाबदल करितें. वरील पाण्यांत अशा रीतीनें लिटरामागें सुमारें १३८ मिलिग्रॅम सोडियम येतें. म्हणून या पाण्याचे थेंबही वाळले तर डाग पडतातच. फरक एवढाच, कीं सोडियमचे क्षार ओल्या फडक्यानें सहज निघतात. कॅल्शियमचा चुना पत्र्यास घट्ट धरून बसतो.

तेव्हां केवळ मोटारीकरितां असें यंत्र घेण्याची घाई करूं नये. तें घरीं असेलच, तर त्याचें पाणी शेवटच्या एका बादलीपुरतें राखावें. त्या पाण्यांत साबणास फेस लवकर येतो. म्हणून साबणाकरितां तें घेतल्यास साबण नेहमीपेक्षां कमी घ्यावा, नाहींतर फेस धुण्यांतच पाणी खर्चीं पडतें. पावसाळ्यांत छपरावरील धूळ वाहून गेल्यावर पन्हाळीखालीं धरलेलें पाणी सर्वांत उत्तम. त्यांत क्षार जवळजवळ नसतात. स्वयंपाकघरांतील आर.ओ. यंत्रानें टाकून दिलेलें पाणी मात्र शेवटीं वापरूं नये. त्यांत क्षार अधिकच दाट झालेले असतात. तें चाकें धुण्यास ठीक.

मोटार सावलींत, ऊन चढण्यापूर्वीं धुवावी, आणि शेवटची बादली ओततांच मऊ, कोरड्या फडक्यानें पुसून घ्यावी. जुने डाग असल्यास पांढरा व्हिनेगर तितक्याच पाण्यांत मिसळून हलक्या हातानें लावावा व लगेच धुऊन टाकावा. आम्लानें चुना विरघळतो.

एक गोष्ट गृहिणींनीं ध्यानांत ठेवावी. सुफेन केलेलें पाणी तुळशीस वा बागेस नित्य घालूं नये. त्यांतील सोडियम मातींत सांचून ती घट्ट होते.

पुढच्या रविवारीं मुलांस रागें भरण्यापूर्वीं त्यांच्या हातीं एक कोरडें फडकें द्यावें. थेंब वाळूं दिला नाहीं, तर कोणत्याही पाण्याचा डाग उरत नाहीं.