पडद्यावरचा जाळ कसा वळवायचा?

आमच्या बिडकीनच्या शाळेतली दहावीची एक मुलगी भावाच्या जुन्या लॅपटॉपवर ब्लेंडर शिकते आहे. ॲनिमेशनचं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. तिला नानीच्या घरची चूल दाखवायची होती. जाळ तर पेटला, पण पातेल्याच्या बुडाशी पसरण्याऐवजी आरपार सरळ वर गेला. तो नीट दिसावा म्हणून तिने बारकावा वाढवला, तर लॅपटॉप रात्रभर घरघरला आणि सकाळी जाळाचा आकारच निराळा! तिचे अब्बा आता हप्त्यांवर नवा कॉम्प्युटर घ्यायला निघालेत. भाईजान, जरा थांबा.

कॉम्प्युटर ही आग चित्रासारखी काढत नाही. तो जागेचे घनाकृती कप्पे पाडतो आणि प्रत्येक कप्प्यात किती उष्णता, किती इंधन, हवा कुठे वाहते, याचा हिशेब क्षणाक्षणाला मांडतो. प्रत्येक बाजूला ६४ कप्पे धरले तर एकूण २,६२,१४४ होतात. १२८ धरले की २०,९७,१५२. म्हणजे दुप्पट नव्हे, आठपट. (घनफळ कशाला शिकायचं, असं विचारणाऱ्या मुलांना मी आता हेच उदाहरण देते.) शिवाय कप्पे बारीक झाले की हवेचे लहान भोवरेही हिशेबात येतात आणि जाळ भलतीकडेच वळतो.

ही अडचण मोठ्या स्टुडिओंनाही होती. २००१च्या ‘श्रेक’ चित्रपटातल्या ड्रॅगनने आग ओकायची ती दिग्दर्शक सांगेल तिकडे, हवा नेईल तिकडे नव्हे. तिथल्या आर्नो लामोर्लेट आणि निक फॉस्टर यांनी २००२मध्ये आपली रीत मांडली. आधी जाळाच्या कण्यासारखी वक्ररेषा काढायची, तिला वाऱ्याने आणि उष्णतेने हलू द्यायचं, शेंड्याचे तुकडे सुटू द्यायचे, मग त्या रेषेभोवती ज्वाला भरायची. आकार माणसाच्या हातात, थरथर निसर्गाची. मला ही युक्ती फार आवडली.

आमच्या मुलीचं काम त्याहून सोपं आहे. पातेलं हा अडथळा आहे, हे तिने सॉफ्टवेअरला सांगितलंच नव्हतं. आगीच्या लेखी ते तिथे नव्हतंच. ते सांगितलं की जाळ बुडाशी पसरतो. एका बाजूला झुकवायचा असेल तर वाऱ्याचा जोर लावता येतो. आकार मात्र कमी कप्प्यांतच पक्का करावा. बारकाव्यासाठी ‘नॉइज’ नावाची वेगळी सोय आहे. ती मूळ आकार फारसा न मोडता वरून नक्षी चढवते. एवढं जुन्या लॅपटॉपवर होतं. हप्त्यांचं नंतर बघू.