पाढ्याला चाल असते ती कशासाठी?

'बे एके बे' आपण कधी नुसते म्हटले आहे का? आपण ते गात होतो. गुरुजींनी लावून दिलेली चाल होती, म्हणून पन्नाशी उलटली तरी पाढा विसरलेला नाही.

हे आठवायचे कारण म्हणजे वर्गात मागे बसवून ठेवलेले, डाउन सिंड्रोम असलेले मूल. मी शिक्षक असताना माझ्याही वर्गात असे एक होते. मी त्याला कधी रागावलो नाही आणि कधी शिकवलेही नाही. स्नेहसंमेलनात मात्र नाचायला पुढे उभे केले. गाणे हे त्याला रमवण्याचे साधन, एवढीच माझी समजूत होती. ती चूक होती.

या मुलांत 21 वे गुणसूत्र जादा असते, हे फ्रान्समध्ये जेरोम लेज्यून व सहकाऱ्यांनी 1959 साली दाखवले. गाण्याने ते बदलत नाही; हा इलाज नव्हे. पण अशा मुलांना ऐकलेले शब्द मनात धरून ठेवणे जड जाते, पाहिलेले त्यापेक्षा बरे टिकते. लांबलचक सूचना म्हणूनच वाया जाते. तीच चार शब्दांत, संथ चालीत, चित्र दाखवून आणि हाताच्या खुणेसह आली, तर मुलाला धरायला काहीतरी मिळते. मग हळूहळू चाल सोडायची. शब्द तेवढा उरला पाहिजे. यांच्यापैकी अनेकांना कमी ऐकू येते, तेव्हा आधी कान तपासून घ्यावेत. ढोलकीचा गलका कामाचा नाही.

बीड जिल्ह्यात या गोष्टीला आणखी एक अर्थ आहे. दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात. मूल सोबत गेले, की पाच-सहा महिने पाटी, पुस्तक आणि मास्तर गावातच राहतात. कोपीवर जाऊ शकतो तो फक्त तोंडपाठ धडा. आईला अक्षर येत नसेल, पण जात्यावरच्या ओव्या ऐकत वाढलेल्या बाईला चाल शिकवावी लागत नाही. टोळी निघण्याआधी तिला शाळेत बोलवावे. आकडे, पैसे, हात धुणे, स्वतःचे नाव-गाव अशी चार-पाच गाणी खुणांसह तिच्याबरोबर द्यावीत.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने लक्षणीय अपंगत्व असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. हजेरीपटावर नाव लावल्याने तो पुरा होत नाही. मला हे उशिरा कळले. आज वर्गावर असलेल्या शिक्षकांच्या हाती मात्र अजून वेळ आहे.