तिची तारीख कॅलेंडरवर कधी येणार?

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाकोल्यात दत्त मंदिर रोडच्या आसपासच्या आम्ही बायका दरवर्षी जमतो. तिळगूळ पुढे केला की दोघी-तिघी तरी म्हणतातच, ‘मला नको गं, शुगर आहे.’ मग लगेच, ‘बरं, अर्धा दे. सकाळी गोळी घेतलीय.’

गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या वहिनी असंच म्हणाल्या. मी सहज विचारलं, ‘वहिनी, शेवटची तपासणी कधी केलीत?’

‘केली की, गणपतीच्या आधी.’ कोणत्या गणपतीच्या, ते मात्र त्यांना आठवेना. याच वहिनींना मिस्टरांचं ब्लडप्रेशर, सासूबाईंच्या डोळ्यांचे ड्रॉप्स, नातवाच्या लसीची तारीख, सगळं तोंडपाठ!

पुढे उन्हाळ्यात त्यांच्या पायाच्या करंगळीला नवी चप्पल चावली. दुखलं नाही, म्हणून त्यांनी बघितलं नाही. पंधरा दिवस हळद दाबून काढले. दवाखान्यात गेल्या तेव्हा उशीर झाला होता. करंगळी काढावी लागली. डॉक्टर म्हणाले, ‘दुखत नव्हतं, हाच तर खरा आजार होता.’ मधुमेहाने पायाच्या नसा बधिर होतात, हे वहिनींना तोवर कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही कुणाला विचारलं नव्हतं.

मैत्रिणींनो, वहिनी एकट्या नाहीत. महापालिकेने २०२१ मध्ये मुंबईत केलेल्या पाहणीत १८ टक्के प्रौढांची उपाशीपोटीची साखर १२६ च्या वर निघाली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या मोठ्या अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत आणि आणखी १३ कोटी ६० लाख जण उंबरठ्यावर उभे आहेत. हा शहरातल्या श्रीमंतांचा आजार, असं आता तालुक्याच्या गावातही कुणी म्हणू नये.

गोळी सुरू झाली म्हणजे काम झालं, हा आपला सर्वात मोठा गैरसमज. मधुमेह एकदाचा बरा करून टाकायचा ताप नाही, तो रोजचा संसार आहे. आज पाहुणे, उद्या उपवास, परवा जागरण. त्याप्रमाणे साखर वरखाली होते, वयाप्रमाणे औषधही बदलावं लागतं. म्हणूनच डॉक्टरांची साथ सतत हवी. रुग्णाला औषधाइतकीच माहितीची गरज असते. त्यासाठी डॉ. एस. एस. आजगावकरांनी १९५५ साली मुंबईत मधुमेहींची संघटना उभी केली. माहीमचं रहेजा रुग्णालय त्याच कामातून उभं राहिलं. इतक्या वर्षांनंतरही आपण ‘गोळी चालू आहे’ एवढ्यावरच थांबावं का?

काय तपासायचं, ते एकदा लिहूनच ठेवा. उपाशीपोटीची साखर म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्रीचा अभ्यास. दोन दिवस भात सोडला की आकडा छान येतो. ‘एचबीए१सी’ ही रक्ततपासणी मात्र मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, तिच्यापुढे लपवाछपवी चालत नाही. ती दर तीन महिन्यांनी, साखर स्थिर असेल तर सहा महिन्यांनी करावी. बऱ्याच जणांसाठी हा आकडा ७ च्या आत असावा असं सांगतात, पण तुमच्यासाठी किती, हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, लघवीतलं प्रोटीन आणि पायांच्या नसा तपासायच्या. आणि रोज रात्री झोपताना स्वतःचे तळवे बघायचे. खाली वाकता येत नसेल तर आरसा घ्या, नाहीतर लेकीला सांगा.

आता खाण्याचं. मधुमेहीचा स्वयंपाक वेगळा नसतो. अर्ध्या ताटात भाजी-कोशिंबीर, पाव भागात डाळ, उसळ किंवा मासळी, उरलेल्या पाव भागात भाकरी किंवा भात. हे घरातल्या सगळ्यांनाच मानवतं. अडचण वेगळीच आहे. सगळ्यांचं आटोपल्यावर शेवटी जेवायला बसते ती बाई, आणि ‘टाकवत नाही’ म्हणून पातेल्यातला उरलेला भात संपवते तीही तीच! दिवसभर ओट्याशी उभं राहणं हा व्यायाम नव्हे. आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास भरभर चालायला हवं. रस्त्यावर जागा नसेल तर गच्चीवर चाला.

उपवास करू नका, असं सांगणारी मी कोण? पण साबुदाणा, बटाटा, रताळं म्हणजे निव्वळ पिष्ट, त्याने साखर चढते. आणि हरितालिकेला निर्जळी राहून सवयीने गोळी घेतली तर साखर एकदम खाली येऊ शकते. आमच्या भागातल्या मुस्लिम मैत्रिणींचा रोज्यात हाच प्रश्न असतो. उपाय एकच, उपवासाआधी डॉक्टरांना भेटून डोस विचारून घ्यायचा. हात थरथरले, दरदरून घाम आला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर साखर उतरली असं समजून लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा प्या, मग काहीतरी खा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

गरोदरपणात साखर वाढलेल्या मुलींकडे विशेष लक्ष द्या. बाळंतपणानंतर ‘आता गेली ती’ म्हणून आपण विसरून जातो. खरं तर बाळंतपणानंतर सहा ते बारा आठवड्यांनी आणि पुढेही वेळोवेळी तिची तपासणी व्हायला हवी, कारण तिला पुढे मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो.

हे सगळं खर्चाचं आहे, म्हणाल. आमच्याकडे महापालिकेचं व्ही. एन. देसाई रुग्णालय जवळ आहे, शिवाय मुंबईत नोव्हेंबर २०२२ पासून ‘आपला दवाखाना’ सुरू झाले. तुमच्या गावात उपकेंद्र आहे, प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. तीस वर्षांवरील प्रत्येकाची साखर आणि रक्तदाब तिथे मोफत तपासावा, असा सरकारी कार्यक्रमच आहे. आशाताईंना विचारा, त्या सांगतील.

पण सोयी असून भागत नाही, त्या बाईपर्यंत पोचल्या पाहिजेत. मजुरी बुडवून रांगेत उभी राहिलेली बाई आठ दिवसांच्या गोळ्या घेऊन परतली, तर पुढच्या आठवड्यात ती येईलच असं नाही. म्हणून महिन्याभराच्या गोळ्या एकदम मिळाव्यात आणि दवाखाना संध्याकाळीही उघडा असावा, ही मागणी महिला मंडळांनी आणि बचत गटांनी लावून धरायला हवी.

आणि तेवढीच जबाबदारी घराची आहे. भिंतीवरच्या कालनिर्णयावर दुधाचा हिशोब असतो, सिलिंडरची तारीख असते, मुलांच्या परीक्षा असतात. तिच्या तपासणीची तारीख मात्र नसते. वहिनींच्या घरात आता ती आहे. त्यांच्या मिस्टरांनी स्वतः लाल पेनाने गोल केलाय. त्यासाठी एक करंगळी द्यावी लागली. आपल्या घरात तो गोल आजच करूया.