विश्लेषण : मदतीचे पान उघडते, पण शोधात सापडत नाही… असे का?

नांदेड असो वा लातूर, कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या दिवशी चित्र सारखेच असते. इंटरनेट संथ असते किंवा परीक्षेसाठी मुद्दाम बंद ठेवलेले असते. अशा वेळी विद्यार्थ्याला आधार उरतो तो संगणकातच साठवलेल्या मदत-पानांचा, म्हणजे ‘हेल्प’चा. तो शोधाच्या चौकटीत शब्द टाकतो आणि उत्तर येते, ‘काहीही सापडले नाही’. ही माहिती इथे नाहीच, असे समजून तो गप्प बसतो. अनेकदा ते पान त्याच संगणकात असते. शोधासाठी सूची बनवणाऱ्या प्रोग्रॅमला ते वाचण्याची परवानगी नसते, एवढेच. बिघाड छोटा आहे. पण त्यावर सर्रास केला जाणारा उपाय बिघाडापेक्षा वाईट आहे.

शोध नेमका चालतो कसा?

आपण शब्द टाकतो तेव्हा संगणक त्या क्षणी सगळी पाने वाचत नाही. पाने आधीच वाचून त्यांची एक सूची, म्हणजे इंडेक्स, तयार केलेली असते आणि शोध त्या सूचीत होतो. लिनक्सच्या केडीई डेस्कटॉपमधील हेल्पसेंटर हेच करते. टर्मिनलवरील ‘मॅन’ पानांची सूची ‘मॅनडीबी’ नावाचा प्रोग्रॅम बनवतो. डेबियन आणि उबंटूवर हे काम ठरलेल्या वेळी आपोआप होते आणि ते ‘मॅन’ याच नावाच्या, मर्यादित अधिकार असलेल्या युजरच्या नावाने चालते. सी-डॅकने तयार केलेली ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स प्रणालीही डेबियनवरच आधारलेली आहे.

म्हणजे सूची बनवणाऱ्याला दोन गोष्टी लागतात. मदतीची पाने वाचण्याची परवानगी आणि सूचीच्या फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी. यातली एक जरी अडली, तरी सूची अपुरी राहते.

बिघाडाची खूण कोणती?

सूची बनवणारा आणि पान उघडणारा यांचे अधिकार वेगळे असू शकतात. त्यामुळे पानाचे नेमके नाव दिले तर ते लगेच उघडते, पण विषय टाकून ‘एप्रोपोस’ने शोधले तर काहीच येत नाही. असे दिसले की संशय सूचीवर घ्यावा. परवानगी नाकारल्याची तक्रार संगणकाने नोंदवलेली असते, पण ती लॉगमध्ये पडून राहते. विद्यार्थ्याला दिसते ते फक्त ‘सापडले नाही’.

परवानग्या बिघडतात कशा? नेहमीची कारणे तीन. बॅकअपमधून फोल्डर परत आणताना त्याची मालकी ‘रूट’कडे जाते. सुरक्षेसाठी नव्या फाइलींचे नियम कडक केलेल्या संगणकावर हाताने सॉफ्टवेअर टाकले की त्याची मदत-पाने इतरांसाठी बंदच जन्माला येतात. तिसरे कारण म्हणजे घाईत एखादा डेस्कटॉप प्रोग्रॅम ‘सुडो’ लावून सुरू करणे. काही आवृत्त्यांमध्ये त्यामुळे विद्यार्थ्याच्याच फोल्डरात रूटच्या मालकीच्या फाइली तयार होतात आणि पुढच्या वेळी त्याला त्यात काही लिहिता येत नाही.

लॅबमध्ये हे एका संगणकापुरते राहत नाही. एक संगणक तयार करून त्याची इमेज बाकीच्या सगळ्यांवर टाकली जाते. मूळ संगणकावरची चूक इमेजबरोबर प्रत्येक टेबलावर पोहोचते.

सातबाऱ्याशी काय संबंध?

युनिक्स घराण्यातील परवानग्यांचे गणित मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या मुलाला सातबाऱ्यावरून चटकन समजेल. सातबारा कुणालाही पाहता येतो. पण त्यावरील फेरफार तलाठी नोंदवतो आणि मंडळ अधिकारी प्रमाणित करतो. पाहण्याचा हक्क सगळ्यांना, बदलण्याचा हक्क ठरावीक लोकांनाच.

संगणकात वाचण्याला ४, लिहिण्याला २ आणि चालवण्याला १ असे अंक आहेत. फोल्डरच्या बाबतीत ‘चालवणे’ म्हणजे आत शिरणे. तीन आकडे अनुक्रमे मालक, गट आणि इतर यांच्यासाठी असतात. मदतीच्या पानाला साधारणपणे ६४४ पुरते. मालक वाचतो-लिहितो, बाकीचे फक्त वाचतात. फोल्डरला ७५५ लागते, कारण आत शिरता आले पाहिजे.

मग ‘७७७’ दिले तर काय बिघडते?

अडचण आली की ‘सगळ्याला ७७७ करून टाक’ हा सल्ला हमखास मिळतो. एका फटक्यात तक्रार मिटते आणि तीस-चाळीस विद्यार्थी खोळंबलेले असताना लॅब असिस्टंटला तोच मार्ग सोपा वाटतो, हे समजण्यासारखे आहे. तरीही तो चुकीचाच आहे. ७७७ म्हणजे गावातल्या कुणालाही सातबाऱ्यावर पेन चालवण्याची मुभा. कुणीही विद्यार्थी, गंमत म्हणून किंवा चुकून, मदतीचे पान बदलू शकतो किंवा सूची पुसू शकतो. हेल्पवर लिहिलेली आज्ञा जशीच्या तशी टाइप करण्याची सवय असलेल्या नवख्या मुलासाठी बदललेले पान ही साधी गंमत राहत नाही.

शिवाय ७७७ने काम होईलच याची खात्री नाही. वरचा एखादा फोल्डर बंद असेल, तर आतली फाइल कितीही मोकळी केली तरी तिथपर्यंत पोहोचता येत नाही. वाड्याचा दिंडी दरवाजा बंद असताना आतल्या खोलीचे कुलूप काढण्यासारखे ते आहे.

योग्य दुरुस्ती कशी करावी?

पहिली पायरी, सूची कोणत्या युजरच्या नावाने बनते ते शोधावे. दुसरी, ‘सुडो’च्या साहाय्याने त्याच युजरच्या नावाने एखादे न सापडणारे पान वाचून पाहावे. अडले तर दुखणे तिथेच आहे. तिसरी, ‘नेमआय’ ही आज्ञा ‘एल’ या पर्यायासह त्या पानाच्या पूर्ण पत्त्यावर चालवावी. मुळापासून प्रत्येक फोल्डरची मालकी आणि परवानगी ओळीने दिसते. साखळी कुठे तुटली ते एका नजरेत कळते.

चौथी पायरी दुरुस्तीची. पाने अडत असतील तर फक्त मदतीच्या फोल्डरवर ‘सीएचमॉड’ वापरून सगळ्यांना वाचण्याची परवानगी द्यावी. इथे मोठ्या लिपीतला ‘एक्स’ कामाचा आहे. तो फोल्डरना आत शिरण्याची परवानगी देतो, पण साध्या फाइलींना विनाकारण चालवण्याजोगे करत नाही. सूचीचे फोल्डर अडत असेल तर सगळ्यांना लिहू देण्याऐवजी ‘सीएचओन’ने त्याची मालकी योग्य युजरकडे परत द्यावी. डेबियन-उबंटूवर मॅन पानांसाठी तो ‘मॅन’ युजर असतो. शेवटी त्याच युजरच्या नावाने सूची नव्याने बांधावी.

विंडोजवर हा प्रश्न नाही का?

आहे, पण वेगळ्या रूपात. अनेक जुन्या सॉफ्टवेअरची मदत ‘सीएचएम’ फाइलमध्ये असते. इंटरनेटवरून उतरवलेली अशी फाइल उघडली की डावीकडे अनुक्रमणिका दिसते आणि उजवी बाजू मात्र कोरी राहते. फाइल खराब नसते. ती बाहेरून आली आहे, अशी खूण विंडोजने तिच्यावर केलेली असते. फाइलच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन ‘अनब्लॉक’ केले की पाने दिसतात. स्रोत विश्वासाचा असेल तरच हे करावे. २००५च्या सुरक्षा सुधारणेनंतर नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरमधून उघडलेल्या सीएचएम फाइलींवरही बंधने आली. तिथे फाइल आपल्या संगणकावर कॉपी करून उघडणे हाच सरळ उपाय.

‘मित्राच्या कॉम्प्युटरवर चालते, माझ्याकडे नाही’ या कोड्याचे उत्तरही यातच असू शकते. ही खूण एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवर टिकते. फॅट३२ पद्धतीच्या पेन ड्राइव्हवरून फाइल गेली की ती गळून पडते.

जबाबदारी कुणाची?

थोडी सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांची आहे. ‘सापडले नाही’ आणि ‘वाचू दिले नाही’ ही दोन वेगळी उत्तरे आहेत. दुसरे उत्तर पहिल्याच्या नावाखाली देणे म्हणजे वापरणाऱ्याची दिशाभूल करणे.

बाकीची जबाबदारी लॅबची. इमेज सगळ्या संगणकांवर टाकण्याआधी अ‍ॅडमिनच्या नव्हे, साध्या विद्यार्थ्याच्या खात्यातून लॉगिन करून चार शब्द शोधून पाहावेत. अ‍ॅडमिनला सगळे वाचण्याची परवानगी असते, म्हणून त्याला हा बिघाड अनेकदा दिसत नाही. या तपासणीला पाच मिनिटेही लागत नाहीत.

पुण्या-मुंबईच्या मुलाला हेल्पमध्ये उत्तर नाही मिळाले, तर तो मोबाइलवर शोधतो. किनवट किंवा अहमदपूरहून आलेल्या, घरी संगणक नसलेल्या मुलाला लॅबचे दोन तासच मिळतात. त्या दोन तासांत संगणक ‘नाही’ म्हणाला, तर तो संगणकावर नाही, स्वतःवर शंका घेतो. म्हणून ही दुरुस्ती वेळेत आणि नीट व्हायला हवी.